आवाजांकडे वळलेला हार्पसिकॉर्डवादक : रिनाल्दो अलेस्सांद्रिनी यांच्या कारकिर्दीतील एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडणारे कळवाद्य) वाजवणारे इटालियन वादक आणि बरोक (साधारण १६०० ते १७५० या काळातील) संगीताचे संचालक रिनाल्दो अलेस्सांद्रिनी यांच्या कारकिर्दीतील साधारणपणे १९८४ ते १९९८ हा कालखंड येथे अभ्यासासाठी घेतला आहे. अलेस्सांद्रिनी आणि त्यांचा ‘कॉन्चेर्तो इतालियानो’ हा समूह सार्वजनिक जीवनात असल्यामुळे त्यांची नावे दिली आहेत. समूहातून वेगवेगळ्या काळी गायलेल्या आणि वाजवलेल्या कलावंतांची नावे मात्र वगळली आहेत. एका वादकाने स्वतःच्या वाद्याला फारसे स्थान नसलेल्या संगीतप्रकारावर आपली उमेद आणि प्रतिष्ठा का पणाला लावली, त्यातून काय मिळाले आणि कोणती किंमत द्यावी लागली, हे तपासणे हा या लेखनाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

अलेस्सांद्रिनी यांचा जन्म १९६० साली रोममध्ये झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, म्हणजे १९८४ मध्ये, त्यांनी कॉन्चेर्तो इतालियानोची स्थापना केली आणि सतराव्या शतकातील व्हेनिसचे संगीतकार फ्रांचेस्को काव्हाल्ली यांच्या ‘ला कालिस्तो’ या ऑपेराने समूहाचे रोममध्ये पदार्पण झाले. त्या काळी जुन्या संगीताची, म्हणजे बरोक आणि त्याआधीच्या संगीताची, चळवळ युरोपात चांगलीच रुजली होती. जुन्या रचना त्या-त्या काळच्या वाद्यांवर आणि त्या काळच्या ग्रंथांतील सूचनांनुसार सादर कराव्यात, हा विचार ॲमस्टरडॅम, द हेग, बाझेल आणि लंडन या शहरांत मान्य झाला होता आणि त्या शहरांतील शिक्षणसंस्था नव्या पिढीचे वादक घडवत होत्या.

इटलीची स्थिती निराळी होती. ज्या देशात मॅड्रिगल, म्हणजे प्रेमकाव्यावर रचलेली अनेक आवाजांची गीते, बहरले, ऑपेरा जन्माला आला, कॉन्चेर्तो आणि सोनाटा या वाद्यसंगीताच्या प्रकारांना आकार मिळाला, त्या देशाचे सांगीतिक जीवन एकोणिसाव्या शतकातील ऑपेराभोवती फिरत होते. व्हेनिसचा बरोक संगीतकार विव्हाल्दी याची लोकप्रियता अफाट होती. परंतु ती ‘ई मूझिची’ आणि ‘ई सोलिस्ती व्हेनेती’ यांसारख्या, विसाव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालेल्या आणि आधुनिक वाद्ये वाजवणाऱ्या समूहांनी घडवलेली होती. मॅड्रिगल आणि ऑपेरा यांचे थोर रचनाकार क्लाउदिओ मोंतेवेर्दी (१५६७–१६४३) यांचे समग्र साहित्य जान फ्रांचेस्को मालिपिएरो या इटालियन संगीतकाराने १९२६ ते १९४२ या काळात संपादित करून छापले होते, म्हणजे स्वरलिपी हाताशी होती. तरीही मोंतेवेर्दींचे पुनरुज्जीवन मुख्यतः बाहेरच्या देशांत झाले. १९३७ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांनी काही मॅड्रिगल ध्वनिमुद्रित केले, १९६२ मध्ये इंग्लंडच्या ग्लाइंडबोर्न महोत्सवात ‘पोप्पेआ’ हा त्यांचा ऑपेरा इंग्रज संचालक रेमंड लेपर्ड यांच्या रूपांतरात रंगमंचावर आला, आणि १९८०च्या दशकात तर मोंतेवेर्दींचे मॅड्रिगल म्हणजे इंग्रज गायकांचा निर्मळ, कंपरहित, अचूक सुरांचा आवाज हेच समीकरण बहुतेक श्रोत्यांच्या मनात पक्के झाले होते. इटलीत मॅड्रिगल गाणारे समूह अजिबात नव्हते असे मुळीच नाही. परंतु जगाच्या बाजारपेठेत मापदंड म्हणून ऐकली जाणारी ध्वनिमुद्रणे त्यांची नव्हती.

वाद्याची शिस्त आणि तिचा या निर्णयाशी संबंध

हा संबंध समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की लाकडी पट्टिकेत बसवलेली बारीक नखी तार छेडते. बोट जोरात पडो वा हळू, आवाजाच्या तीव्रतेत जवळपास काहीच फरक पडत नाही. पियानोवादक ज्या साधनाने भाव व्यक्त करतो, ते लहान-मोठ्या आवाजाचे साधन हार्पसिकॉर्डवादकाला उपलब्ध नसते. त्यातही इटालियन बनावटीचे हार्पसिकॉर्ड हलक्या, पातळ, बहुधा सायप्रसच्या लाकडाचे असते. त्याचा सूर झटकन उमटतो आणि लवकर विरतो. वादकाच्या हाती उरतो तो काळ : सूर किती उशिरा आणायचा, दोन सुरांमध्ये किती श्वास ठेवायचा, स्वरपुंजातील सुरांना एकामागून एक किती सावकाश उलगडायचे. इटालियन हार्पसिकॉर्ड वाजवणे हे त्यामुळे पुष्कळ अंशी बोलण्याच्या कलेजवळ जाते.

हे केवळ आजच्या वादकाचे मत नाही. सतराव्या शतकातील सेंट पीटर्स बॅसिलिकाचे ऑर्गनवादक जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी यांनी रोममध्ये छापलेल्या आपल्या तोकातांच्या (कळवाद्यासाठीच्या मुक्त रचनांच्या) पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत वादकाला स्पष्टच सांगितले आहे की, हे संगीत ठोक्याच्या अधीन राहून वाजवू नये. आधुनिक मॅड्रिगलमध्ये शब्दांच्या भावानुसार लय कधी मंद, कधी जलद होते, कधी जणू हवेत थांबते, तसे ते वाजवावे. अलेस्सांद्रिनी एकल वादक म्हणून फ्रेस्कोबाल्दी आणि त्या काळचे इटालियन कळवाद्य-संगीत सातत्याने वाजवत आले आहेत. म्हणजे ज्या संगीताने त्यांचे हात घडवले, त्याच संगीताचा कर्ता वादकाला गायकांकडे जायला सांगत होता. माझ्या मते या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाचे मूळ येथे आहे. पुढच्या यशाची व्यावहारिक कारणे कितीही दिली, तरी ती दुय्यम ठरतात.

अडचण

मोंतेवेर्दींचे मॅड्रिगलचे चौथे पुस्तक १६०३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ‘स्फोगावा कॉन ले स्तेल्ले’ ही पाच आवाजांची रचना उदाहरणादाखल घेऊ. प्रेमाने आजारी झालेला एक माणूस रात्रीच्या आकाशाखाली ताऱ्यांपुढे आपले दुःख मोकळे करतो आहे, असे त्या कवितेचे चित्र आहे. रचनेच्या सुरुवातीला मोंतेवेर्दींनी एकच स्वरपुंज लिहिला आणि त्याखाली शब्दांची अख्खी ओळ ठेवली. कोणत्या अक्षराला किती काळ द्यायचा हे त्यांनी लिहिलेच नाही. पाचही गायकांनी ती ओळ एकत्र, एका श्वासात, बोलल्यासारखी म्हणायची आहे. तेथे ताल मोजून चालत नाही आणि स्वरलिपीचे बारकाईने पालन करूनही चालत नाही, कारण पालन करायला तेथे काही लिहिलेलेच नाही. आघात कुठे येतो, जोडाक्षर किती वेळ अडवून धरायचे, वाक्य कुठे झुकते, हे गायकाच्या जिभेला आधीपासून ठाऊक असावे लागते.

मराठी वाचकाला हे पटकन कळेल : मराठी न बोलणाऱ्या तयारीच्या गायकाने नाट्यपद म्हटले तर सूर आणि ताना निर्दोष असूनही शब्द जागच्या जागी पडत नाहीत, तसेच येथे घडते.

या सांगीतिक अडचणीला व्यावसायिक अडचणीची जोड होती. इटलीत त्या वेळी मॅड्रिगलसाठी घडवलेले गायक मोजके होते, कारण तेथील संगीतविद्यालयांतील गायनशिक्षण ऑपेरासाठीच असे. ऑपेराचा आवाज मोठे सभागृह भरून टाकतो. पण पाच आवाजांच्या नाजूक रचनेत त्याचा कंप शेजारच्या आवाजाला झाकून टाकतो आणि विसंवादी सुरांची धार बोथट करतो. उलटपक्षी, चळवळीत मान्य असलेला निर्मळ आवाज हवा असेल तर आदर्श उत्तरेकडचे होते. एका तरुण रोमन वादकापुढे त्यामुळे पेच असा होता की, तंत्र एकीकडे होते आणि भाषा दुसरीकडे.

समोरचे पर्याय

पहिला मार्ग एकल वादकाचा. तो कलेच्या दृष्टीने सर्वांत शुद्ध होता, परंतु हार्पसिकॉर्डच्या एकल मैफलींचा श्रोतृवर्ग लहान असतो. दुसरा मार्ग बासो कोंतिनुओचा, म्हणजे खर्जाच्या एका ओळीवरून आणि तिच्यावरील आकड्यांवरून आयत्या वेळी स्वरसंगती रचत इतरांची साथ करण्याचा. चांगल्या कोंतिनुओवादकाला मागणी असते आणि उपजीविका सुरक्षित राहते. मात्र कार्यक्रम कोणता, गायक कोण आणि लय कोणती, हे निर्णय दुसऱ्याच्या हाती राहतात.

तिसरा पर्याय बाजारपेठेला सर्वांत जवळचा होता : जुन्या वाद्यांचा वाद्यवृंद उभा करून विव्हाल्दी नव्या धारदार शैलीत सादर करायचा. १९८०च्या दशकात आणि पुढेही इटलीतील अनेक समूहांनी हा मार्ग घेतला आणि त्यातून अतिशय मोलाचे काम झाले. हार्पसिकॉर्डवादक या वृंदाच्या मध्यभागी बसून दोन्ही हातांनी वाजवत संचालन करतो, त्यामुळे अलेस्सांद्रिनी यांच्यासाठी तो स्वाभाविकच होता.

चौथा पर्याय आवाजांचा. प्रत्येक ओळीला एकच गायक, बहुतेक सर्व गायक इटालियन, आणि कामाचा गाभा मॅड्रिगल. हा पर्याय बाहेरून पाहता अव्यवहार्य होता. वादकाने गायकांचा समूह चालवायचा, आणि त्यातही मोंतेवेर्दींच्या ज्या पुस्तकांवर भर द्यायचा त्यांपैकी चौथ्या पुस्तकाच्या मूळ छापील प्रतीत कळवाद्याला जागाच नाही. कोंतिनुओ अनिवार्य होतो तो १६०५च्या पाचव्या पुस्तकातील शेवटच्या सहा रचनांपासून.

घेतलेला निर्णय आणि केलेली कृती

अलेस्सांद्रिनी यांनी चौथ्या पर्यायाला प्राधान्य दिले आणि पहिला जपून ठेवला. तिसरा पर्याय त्यांनी पुढे ढकलला, सोडला नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे आणि त्याकडे पुढे परत यावे लागेल.

१९९०च्या दशकात पॅरिसच्या ओपस १११ या लहान ध्वनिमुद्रण कंपनीबरोबर समूहाची साथ जुळली. मॅड्रिगलच्या चौथ्या पुस्तकाचे त्यांचे ध्वनिमुद्रण याच काळातले. ते ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती लयीची मोकळीक. ‘स्फोगावा’च्या त्या अलिखित ओळीत पाचही आवाज वाक्य बोलून टाकतात आणि आर्त उद्गाराच्या ठिकाणी सूर एकदम फुलतो, व्यंजने ठसठशीत आहेत, द्वित्त अक्षरांवर जीभ खरोखर अडते, आणि दोन सुरांचा कडवट संघर्ष येतो तेथे गायक तो सोडवण्याची घाई करत नाहीत. तरीही हे ऑपेराचे गायन नाही. आवाज एकमेकांत बसतात आणि प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे ऐकू येते. म्हणजे उत्तरेकडील चळवळीने कमावलेली शिस्त त्यांनी झिडकारली नाही. तिच्यावर आपल्या भाषेची चाल चढवली.

१६३८च्या आठव्या पुस्तकाकडे वळताना संचालकाचे काम अधिक अवघड झाले. त्यातील ‘लामेंतो देल्ला निन्फा’ या विलापात चार सुरांचा उतरता खर्ज अखंड फिरत राहतो, तीन पुरुष आवाज अप्सरेच्या दुःखावर हळहळतात आणि ती मात्र आपल्याच तंद्रीत गात असते. मोंतेवेर्दींनी तेथे लिहून ठेवले आहे की, पुरुषांनी हाताच्या ठोक्यावर गावे आणि अप्सरेने मनाच्या भावाच्या लयीत गावे. एकाच वेळी दोन काळ चालवायचे असतील तर समोर उभे राहून काठी हलवणाऱ्या संचालकापेक्षा कळपट्टीवर बसलेला आणि गायिकेचा श्वास ऐकत पुढचा स्वरपुंज रोखून धरणारा वादक अधिक उपयोगी पडतो. आवाजांकडे वळलेल्या वादकाची मूळ विद्या येथे पूर्ण कामाला आली.

निर्णयाचे कळीचे टप्पे

पहिला टप्पा गायकांच्या निवडीचा. मातृभाषेला प्राधान्य देण्याचा निकष कलात्मकदृष्ट्या समर्थनीय होता, परंतु त्यात एक धोका होता. आजचे इटालियन म्हणजे मोंतेवेर्दी ज्यांच्या चाकरीत होते त्या मांतुआच्या दरबारातील १६०३ चे इटालियन नव्हे, आणि जन्माने इटालियन असणे हेच प्रमाणपत्र मानले तर कलेचा निकष राष्ट्रीयत्वाचा होऊन बसतो. इंग्रज आणि इतर गायकांनीही मोंतेवेर्दी उत्तम गायला आहे. कॉन्चेर्तो इतालियानोच्या यशाचे श्रेय मातृभाषेला जितके आहे तितकेच पाच जणांनी एका काव्याचा एकच अर्थ ठरवण्यासाठी घेतलेल्या मेहनतीला आहे, असे मला वाटते. काही समीक्षकांनी आणि जाहिरातींनी या यशाला ‘घरी परतलेला मोंतेवेर्दी’ असे रूप दिले, तेव्हा ही दुसरी बाजू झाकली गेली.

दुसरा टप्पा समूहाच्या रचनेचा. कॉन्चेर्तो इतालियानो हा एका व्यक्तीच्या दृष्टीभोवती उभा राहिलेला समूह होता. मॅड्रिगल मात्र स्वभावतः समानांचे संगीत आहे. पाच आवाजांत नायक नसतो आणि जुन्या काळी ते एका मेजाभोवती बसूनही गायले जाई. अशा संगीतात अंतिम शब्द कोणाचा, हा प्रश्न कधीतरी उभा राहतोच. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात समूहातील काही अनुभवी गायक वेगळ्या समूहात एकत्र आले आणि त्यांनीही मॅड्रिगलच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवली. या घटनेकडे फूट म्हणून पाहणे सोपे आहे. मला ती त्या पद्धतीच्या यशाची खूण वाटते, कारण जे गायक आधी इटलीत शोधावे लागत होते, ते आता दोन समूह चालवण्याइतके झाले होते. परंतु संस्थेच्या दृष्टीने हानी झाली हेही नाकारता येत नाही : अनेक वर्षांच्या सहगायनातून आलेली जुळणी नव्या गायकांकडून काही महिन्यांत उभी करता येत नाही.

तिसरा टप्पा विस्ताराचा. तूरिनच्या राष्ट्रीय विद्यापीठ ग्रंथालयात विव्हाल्दींच्या सुमारे ४५० रचनांची हस्तलिखिते आहेत. ती सर्व ध्वनिमुद्रित करण्याचा मोठा प्रकल्प ओपस १११ने सुरू केला आणि नंतर ती कंपनी सामावून घेणाऱ्या नाईव्ह या फ्रेंच कंपनीने तो पुढे नेला. अलेस्सांद्रिनी त्यात सहभागी झाले. ‘लॉलिम्पियादे’ हा संपूर्ण ऑपेरा त्यांनी ध्वनिमुद्रित केला. विव्हाल्दींच्या ‘चार ऋतूं’च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक ऋतूसाठी वेगळा व्हायोलिनवादक आहे, म्हणजे एकाच ‘तारांकित’ वादकाऐवजी चार स्वभाव. पुढे ढकललेला तिसरा पर्याय असा योग्य वेळी उपयोगात आला, आणि तोपर्यंत समूहाला स्वतःचा आवाज सापडलेला होता.

परिणाम

चौथ्या पुस्तकाच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ मध्ये आणि आठव्या पुस्तकाच्या ध्वनिमुद्रणाला १९९८ मध्ये ब्रिटनच्या ‘ग्रामोफोन’ मासिकाचा पुरस्कार मिळाला. ज्या देशाच्या गायकांनी मॅड्रिगलचा मापदंड ठरवला होता, त्याच देशातील मासिकाने हा सन्मान द्यावा, याचे महत्त्व त्या काळच्या संगीतजगताने नीट ओळखले. त्यानंतर मोंतेवेर्दींचे मॅड्रिगल गाणारा कोणताही समूह, तो कुठल्याही देशाचा असो, शब्दोच्चाराच्या प्रश्नाला बगल देऊ शकला नाही.

दीर्घकालीन परिणाम रंगमंचावर दिसले. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात रॉबर्ट विल्सन यांच्या दिग्दर्शनाखाली मोंतेवेर्दींचे तिन्ही उपलब्ध ऑपेरे सादर झाले : २००९ मध्ये ‘ऑर्फेओ’, २०११ मध्ये ‘युलिसिसचे पुनरागमन’ आणि २०१५ मध्ये ‘पोप्पेआ’. तिन्हींचे संगीतसंचालन अलेस्सांद्रिनी यांच्याकडे होते. व्हेर्दी आणि पुच्चिनी यांच्या या घरात १६०७च्या संगीताला मिळालेले हे स्थान १९८४ मध्ये कोणी गृहीत धरले नसते. दरम्यान ‘ऑर्फेओ’ची त्यांनी संपादित केलेली स्वरलिपी बेरेनरायटर या जर्मन प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली, त्यामुळे त्यांचे निर्णय आता इतरांच्या हाती तपासण्यासाठी उपलब्ध आहेत.

वेगळे काय करता आले असते

मॅड्रिगलच्या नऊ पुस्तकांची मालिका १९९०च्या दशकात, तो मूळ गायकसंच एकत्र असताना, पूर्ण झाली नाही. चौथ्या पुस्तकाच्या यशानंतर आरंभीच्या पुस्तकांपासून क्रमाने काम केले असते, तर एका आवाजाच्या घडणीतून मोंतेवेर्दींची सगळी वाटचाल ऐकायला मिळाली असती. अलेस्सांद्रिनी पुढेही मॅड्रिगलकडे परतत राहिले आणि ती ध्वनिमुद्रणे कसदार आहेत. परंतु ती वेगळ्या गायकांची, वेगळ्या काळाची आहेत.

दुसरी गोष्ट करारांची आणि भागीदारीची. गायकांना कलात्मक निर्णयांत औपचारिक वाटा देणारी रचना, उदाहरणार्थ वर्षातील काही कार्यक्रम गायकांनीच ठरवावेत अशी सोय, आरंभीच केली असती तर अनुभवी गायक टिकले असते का, हे निश्चितपणे सांगता येत नाही. मात्र मॅड्रिगलसारख्या संगीतासाठी ती रचना अधिक शोभली असती. याउलट बाजूही विचारात घ्यावी लागते. लयीच्या मोकळिकीत पाच जणांची पाच मते असताना कोणीतरी एकाने शब्दाचा भार ठरवावा लागतो, आणि त्या ध्वनिमुद्रणांतील निःशंकपणा त्या एकाच्या ठामपणातूनच आलेला आहे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. इटलीतील संगीतविद्यालयांत जुन्या संगीताचे विभाग हळूहळू वाढले, परंतु सप्रमाण उच्चार, काव्यवाचन आणि एका ओळीला एक आवाज या पद्धतीचे समूहगायन एकत्र शिकवणारा कायमचा वर्ग या समूहाच्या कामाला जोडून लवकर उभा राहिला असता, तर प्रत्येक पिढीचे गायक नव्याने घडवण्याचा भार एका संचालकावर पडला नसता. असा वर्ग रोममध्ये सुरू करायचा झाला तर त्यात पहिल्या वर्षी गायकांच्या शेजारी हार्पसिकॉर्डच्या विद्यार्थ्यांनाही बसवावे आणि फ्रेस्कोबाल्दींच्या तोकाता हाती घेण्यापूर्वी त्यांच्याकडून चौथ्या पुस्तकातील कविता मोठ्याने वाचून घ्याव्यात, असे मी सुचवीन.